बाराची पिन, दहाचं भोक

टेबल उलटं बसणारच नाही, अशी व्यवस्था सोपानदांनी करून ठेवली होती. मी ते उलटं बसवून दाखवलं. भुकूमच्या आमच्या फ्लॅटला रंग देऊन झाला होता, रंगारी आवरून गेले होते, माझी बायको सुनंदा कामावर होती, आणि ती यायच्या आत घर जागच्या जागी लावून शाबासकी मिळवावी असा माझा बेत होता. आमचं जेवणाचं टेबल सागाचं, सोपानदांनी लग्नात करवून दिलेलं, दोन भागांचं, पाय सुटे. अखंड असतं तर लिफ्टमध्ये मावलं नसतं. हे दोन भाग एकमेकांत बसतात ते दोन पोलादी पिनांवर. त्यांना डॉवेल म्हणतात हे मला लग्नानंतर कळलं, तोवर पिन म्हणजे टाचणी एवढीच माझी समज. एका भागातून दोन पिना बोटाच्या पेराएवढ्या बाहेर डोकावतात, दुसऱ्या भागात त्यांच्यासाठी दोन भोकं. एक पिन बारा मिलिमीटरची, दुसरी दहाची. मुद्दाम तशी. घाईत कुणी एक भाग उलथा धरला तर बाराची पिन दहाच्या भोकासमोर येईल, आत जाणार नाही, आणि माणूस थांबेल. सोपानदांची तशी खात्री होती, की असं अडल्यावर माणूस थांबतो. मी थांबलो नाही. एक बाजू सैल बसली, दुसरी अडली. मला वाटलं पावसाळा आहे, लाकूड फुगलं असेल. वॉचमनकडून हातोडी आणली आणि मारत सुटलो. सहाव्या की सातव्या घावाला आवाज बदलला. इतका वेळ भरीव ठक ठक येत होता, तो एकदम कोरडा झाला. मग लक्षात आलं की अर्ध्या टेबलाला वरून पॉलिश आहे आणि अर्ध्याला नाही. एका भागाला पायानं रेटून, दुसरा ओढून दोन्ही वेगळे केले, तेव्हा बाराची पिन आपली जागा सोडून त्या दहाच्या भोकात रुतून बसली होती, आणि भोकापासून एक केसाएवढी चीर लाकडात निघाली होती.

त्या पिनेपायी सोपानदा आमच्या घरी आले. ती आमची शेवटची निवांत भेट. ते गेले त्याला आता दोन महिने होत आले. हे लिहू का, असं मी सुनंदाला विचारलं. तिनं नको म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही.

सोपानदा म्हणजे सुनंदाचे थोरले भाऊ. दोघांत बारा वर्षांचं अंतर. घर कोळवण खोऱ्यातलं, भातशेतीचं, पण सोपानदांचा हात लोखंडावर बसला. पिरंगुटच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, जिथं मशीनचे साचे बनतात तिथं, त्यांनी एकतीस वर्षं काढली. सकाळी भाताच्या खाचरात, दुपारच्या पाळीला कारखान्यात, असा माणूस. मी बार्शीचा. आमच्याकडे भात हे आजारी माणसाचं जेवण, आणि हातोडी ही भिंतीवर कॅलेंडर लावण्यापुरती. लग्न ठरायच्या आधी सोपानदा माझी कोथरूडची भाड्याची खोली बघायला आले होते. बसायच्या आधी त्यांनी दार दोनदा लोटून पाहिलं. ते खाली घासत होतं, मी गेलं वर्षभर खांद्यानं ढकलत होतो. त्यांनी बिजागरीतली पिन काढली, डोळ्यासमोर धरली, खिशातल्या रुमालानं पुसली, दाराखाली चपलेची टाच देऊन ते जरा उचललं आणि पिन परत सोडली. दार बोटानं लागलं. घरी जाऊन त्यांनी बहिणीला सांगितलं म्हणे, "माणूस बरा हाय. दार तेवढं वाकडं हुतं." हे प्रशस्तिपत्र मी अजून जपून ठेवलंय, कारण त्यानंतर तसं दुसरं मिळालेलं नाही.

एकदा त्यांनी मला त्यांची टूलरूम दाखवली. दोन जाड पोलादी पाटे एकमेकांवर ठेवलेले, त्यांना चार स्क्रू आणि दोन पिना. मी शहाणपणानं विचारलं, चार स्क्रू असताना पिना कशाला? ते म्हणाले, "स्क्रू धरून ठेवतो पाव्हणं. पिन जागेवर ठेवते. धरनं येगळं, जागा येगळी." मग मला समजावत बसले. पिन किती जाडीची घ्यायची, ती दोन्हीकडे जाडीच्या दीडपट तरी आत गेली पाहिजे, दोन पिना एकमेकींपासून जितक्या लांब ठेवता येतील तितक्या ठेवायच्या, भोक ड्रिलनं नुसतं पाडून सोडायचं नाही, मग त्यात रीमर, म्हणजे भोक आतून घासणारं हत्यार, फिरवून ते पिनेच्या अंगाबरोबर करायचं. पिन हाताच्या अंगठ्यानं निम्मी जावी, उरलेली हलक्या टोल्यानं. तिला जोरानं घालायची वेळ आली तर चूक पिनेची नसते. मी मान डोलावत होतो आणि कॅन्टीनमध्ये वडा मिळतो का याचा विचार करत होतो.

त्याच दिवशी एक गोष्ट घडली, ती मात्र मी विसरलो नाही. आम्ही बोलत उभे होतो, पलीकडच्या शेडमध्ये प्रेस चालू होता, एकसारखा धाड धाड आवाज. मधेच सोपानदांनी हात वर केला. मला वाटलं मला गप्प करतायत. ते पळत गेले आणि प्रेसचं लाल बटण दाबलं. मशीनवरचा माणूस चिडला, "काय झालं दादा, चालतंय की." सोपानदांनी डाय, म्हणजे प्रेसमधला साचा, उघडायला लावला. आतली एक पिन कुणीतरी काढून तिच्या जागी बोल्टचा तुकडा घातला होता. वरचा पाटा केसभर सरकला होता. आणखी शे-दोनशे ठोक्यांत पत्रा कापणारा पंच फुटला असता आणि त्याचा तुकडा समोरच्या माणसाच्या तोंडावर आला असता, असं नंतर मला सांगण्यात आलं. आवाजातला फरक कुणालाच कळला नव्हता. मी त्यांच्या शेजारी उभा होतो, मलाही नाही. येताना मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? ते म्हणाले, "मोडायच्या आदी समदं सांगतं. ऐकायला कुनी नसतं." त्या वाक्याची मला तेव्हाही जरा भीती वाटली होती.

असा हा माणूस. केसाच्या दहाव्या भागाची चूक खपवून न घेणारा. आणि या माणसानं घरात एक मोठी चूक केली. नदीकडचं खाचर हे त्यांच्या आईचं खाचर. तिथला आंबेमोहर ती स्वतः निवडायची, आणि सुनंदा तिच्या मागे आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, असायची. गुडघाभर चिखलात, पाठीवर इरलं. अजूनही भात शिजताना वास आला की ती क्षणभर थांबते. आई गेल्यावर दोन वर्षांपूर्वी सोपानदा काही कागद घेऊन सुनंदाच्या कामावर आले. ती कोथरूडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काउंटरला असते. म्हणाले, आईचं नाव सातबाऱ्यावरनं कमी करायचंय. तिनं जेवणाच्या सुट्टीत, एका हातात डबा धरून, दाखवतील तिथं सह्या केल्या, आणि नंतर एकदा त्यांच्याबरोबर नोंदणी कचेरीत जाऊन अंगठाही उमटवला. दादानं आणलेला कागद वाचायचा असतो हे तिला ठाऊकच नव्हतं. त्यातला एक कागद हक्कसोडीचा होता, खाचरातला तिचा वाटा सोडल्याचा. चार महिन्यांनी आम्ही गावी गेलो तेव्हा खाचराला तारेचं कुंपण होतं, लोखंडी फाटक होतं आणि आत कुणातरी पुणेकराच्या फार्महाऊसचा पाया खणलेला होता. आजूबाजूची खाचरंही तशीच गेली होती. नोकरी संपल्यावर सोपानदांच्यानं शेती होईना, हेही खरं होतं. पण सुनंदा फाटकाशी उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "विकलं त्याचं नाही काही. मला विचारलं नाही." सोपानदा बाजूला उभे होते. त्यांनी मान खाली घातली. तिथंच एक वाक्य बोलले असते तर... पण नाही बोलले. त्यानंतर तिनं भावाचं नाव घेणं बंद केलं. राखी नाही, भाऊबीज नाही. टेबल मात्र घरात होतं, त्यावर आम्ही दोन वेळा जेवत होतो.

म्हणून त्या शनिवारी मी सोपानदांना फोन केला तो चोरून. ते म्हणाले, "हातोडी खाली ठेवा आदी. येतो." एसटीनं आले, कापडी पिशवी घेऊन. दारात पहिला प्रश्न, "सुनी कवा येती?" मी म्हटलं, दोनला. "मग मी दीडला निगतो." आत आले, लाकडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बराच वेळ हसू दाबत राहिले. ते वाळले होते. शर्ट खांद्यावरून उतरल्यासारखा दिसत होता. मला वाटलं, वय.

अडकलेली पिन अशा भोकात होती की ज्याला दुसरं टोक नाही. मागून ठोकून काढायला वाव नव्हता. मी पक्कड पुढे केली. त्यांनी ती माझ्या हातातून घेऊन लांब ठेवली. "तोंड खराब व्हतं पिनंचं. टोक बगा तिचं." पिनेच्या टोकाला मधोमध बारीक भोक होतं, त्यात आटे. "काढायला सोपं जावं म्हनून एका टोकाला आटे असत्यात. ह्या पिनांना मी दोन्ही टोकांना पाडल्यात. का, म्हायतीय?" मी म्हटलं, का? "पाव्हणा कोन हाय ते ठावं हुतं." पिशवीतून त्यांनी पुलर काढला: हातभर सळई, तिच्यावर मागेपुढे सरकणारं जड लोखंडी वजन, पुढच्या टोकाला आटे. ते टोक पिनेत पिळून बसवायचं आणि वजन आपल्याकडे झटक्यानं ओढायचं. ते मागच्या टोकाला आदळतं आणि पिन तसू तसू बाहेर येते. मी त्यांना हे करताना पूर्वी पाहिलं होतं. तीन झटक्यांत काम संपायचं.

पहिला झटका मारला. दुसरा मारला. तिसऱ्याला हात उचललाच गेला नाही. ते जमिनीवर बसले, भिंतीला टेकले, आणि खोकू लागले. तो खोकला मी विसरू म्हणतो तरी विसरत नाही. रिकाम्या डब्यात काहीतरी घरंगळावं तसा, छातीतून. मी पाणी आणलं. त्यांनी पेला दोन्ही हातांनी धरला तेव्हा त्यांची बोटं मला पहिल्यांदा नीट दिसली. टोकं फुगलेली, नखं गोल वळलेली आणि निळसर. मी विचारलं, बरं नाही का? त्यांनी सळई माझ्याकडे सरकवली. "तुमी वडा. सरळ वडा. वाकडं वडलं तर भोक नासतं. मग मोटी पिन घालावी लागती, तिच्यासाटी मोटं भोक, ती बी सैल झाली की आनखी मोटी. त्याला अंत न्हाई." मी ओढत होतो, ते डोळे मिटून ऐकत होते. "आता कोरडं वाजतंय. थांबा. तेलाचा थेंब सोडा. हां." अकराव्या झटक्याला पिन बाहेर आली, आणि तिच्यामागे आतली हवा 'फस्' करून सुटली. मला इतका आनंद झाला की मी टाळी द्यायला हात पुढे केला. त्यांनी तो धरला आणि धरूनच ठेवला.

मग त्यांनी चिरेवरून बोट फिरवलं. भोकापासून टोकापर्यंत, अगदी हळू, आंधळ्यानं वाचावं तसं. "ही जानार फुडं," म्हणाले. मी विचारलं, कुठवर? "तिकडल्या काठापतोर. येळ लागंल तिला, पन जानार. टोकाला बारीक भोक मारलं तर थांबती. ड्रिल न्हाई आनलं मी आज. फुडल्या टायमाला आनतो." आणि मग खिडकीबाहेर बघत, जसं काही एसटीची वेळ सांगावी तसं, "फुडल्या टायमाचं आता काय खरं न्हाई म्हना."

त्यांना फुप्फुसाचा कर्करोग होता. दोन महिन्यांपूर्वी कळलं होतं. तपासण्या त्यांनी चिंचवडकडच्या कुठल्याशा लॅबमध्ये करून घेतल्या होत्या, तीन एसटी बदलून, कारण कोथरूडला केल्या असत्या तर रिपोर्ट बहिणीच्या हातून छापून निघाला असता. घरी वहिनींना दमा म्हणून सांगितलं होतं. ही थंडी पार पडेल असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मी म्हटलं, "दादा, सुनंदाला आज सांगतो. ती लगेच येईल." त्यांनी मान हलवली. "सांगायचं न्हाई. तिच्या मनानं आली तर येऊ द्या. आजाराच्या नावानं न्हाई." मी म्हटलं, मग तुम्ही थांबा इथंच, ती दोनला येते, एकदा तिला म्हणा चुकलं म्हणून. त्यांनी बाहेर आलेली पिन रुमालानं पुसली. "चुकलंच की. फाटकापाशीच म्हनायचं हुतं. आता म्हनलं तर भीक मागितल्यावानी दिसंल." आणि मग, "शपत घ्या पाव्हणं. तुमी बोलनार न्हाई." मी शपथ घेतली. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. मी एका कंपनीत मनुष्यबळ विभागात आहे. लोकांना वाईट बातमी योग्य शब्दांत, योग्य वेळी कशी सांगावी, याचं दीड दिवसाचं प्रशिक्षण मी देतो. स्लाइड्स माझ्याच आहेत.

बाराची पिन त्यांनी तिच्या मूळ घरात परत बसवली. अंगठ्यानं निम्मी, मग हलका टोला. तिच्या अंगावर उभी बारीक खाच होती, ती मला दाखवून म्हणाले, "ही हवेसाटी. न्हाईतर आत कोंडती. पिन बसल्यासारखी दिसती, पन आतली हवा तिला सारखी भाईर लोटत ऱ्हाती." दीडला ते निघाले. मला खाली येऊ दिलं नाही. मी गॅलरीतून पाहत राहिलो. ते सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडले, पण स्टॉपकडे गेले नाहीत. रस्त्याकडेला पाण्याचा टँकर उभा होता, त्याच्या सावलीत जाऊन उभे राहिले. दोनला पाच कमी असताना सुनंदाची स्कूटर आली. सोपानदा टँकरच्या मागच्या चाकाआड सरकले. ती त्यांच्यापासून दहा पावलांवरून आत गेली. चौथ्या मजल्यावरून मला दोघंही दिसत होते. ती दिसेनाशी झाल्यावर ते बाहेर आले आणि स्टॉपच्या दिशेनं चालू लागले, दोनदा थांबत. घरात येऊन सुनंदानं विचारलं, "टँकर आलाय का आपला?" मी म्हटलं, हो. तो आमचा नव्हता. खोटं बोलायला तिथून सुरुवात झाली.

त्यानंतरचे आठवडे मी चिरेबरोबर काढले. दर रविवारी तिच्या टोकाशी पेन्सिलनं बारीक खूण करायचो. पुढच्या रविवारी ती खुणेच्या पुढे असायची. कधी गव्हाएवढी, कधी बोटाएवढी. रंगाच्या माणसांनी आदळलं असेल, असं मी सुनंदाला सांगितलं होतं. एकदा जेवताना तिनं बोटानं ती चीर चाचपली. भोकापासून टोकापर्यंत, हळू. अगदी तशीच. माझा घास हातातच राहिला. "दादाला दाखवलं असतं तर त्यानं..." एवढं म्हणून ती थांबली, आणि भाजी वाढायला उठली. खाचराच्या फाटकाशी उभी राहिली त्या दिवसानंतर तिनं पहिल्यांदा दादा म्हटलं होतं. तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हटलं, भाजीत मीठ जरा कमी आहे. सोपानदा दर बुधवारी दुपारी मला ऑफिसात फोन करायचे. बहिणीबद्दल कधी विचारलं नाही. विचारायचे, "चीर काय म्हनती?" मी सांगायचो, दोन बोटं सरकली. "हं." मग खोकला. मग, "ड्रिल आनायचंय." बुधवारागणिक तो 'हं' बारीक होत गेला.

भाऊबीजेला मी एक डाव टाकला. म्हटलं, चल, पौडला जाऊन येऊ, नवा आंबेमोहर आला असेल. ती तयार झाली. पिरंगुट मागे पडलं, दोन्ही बाजूंना कापणी झालेली खाचरं, पेंढ्या उभ्या केलेल्या. तिच्या मांडीवर पर्स होती आणि पर्समधून एका छोट्या डब्याचं झाकण दिसत होतं. डब्यात काय होतं मी विचारलं नाही. पौडला कोळवणकडे, म्हणजे सोपानदांच्या घराकडे, वळणाऱ्या रस्त्याशी मी गाडी हळू केली, इंडिकेटर दिला. तो टिक टिक वाजत राहिला. मागून जीपवाला हॉर्न देत होता. मी वाट पाहिली. तिनं खिडकीतून त्या रस्त्याकडे पाहिलं, लांबवर. मग म्हणाली, "सरळ घ्या." मी म्हणालो, "जाऊन येऊ की, पाच मिनिटं." ती म्हणाली, "त्यानं यायचं. मी कुणाचं काही बिघडवलेलं नाही." त्या क्षणी, त्या गाडीत, मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी इंडिकेटर बंद केला. नंतर वहिनींकडून कळलं, त्या दिवशी सोपानदा सकाळपासून धुतलेला शर्ट घालून ओसरीवर बसले होते. त्या म्हणाल्या, "म्या म्हनलं आत निजा. तर म्हनं, हितं बरं वाटतंय, वाऱ्याला."

थंडी पडली. एका बुधवारी फोन आला नाही. मी केला, उचलला नाही. शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास मीटिंगमध्ये असताना वहिनींचा नंबर दिसला, आणि काय ते कळलं. "पाव्हणं, ह्ये उटत न्हाईत." मी सुनंदाला लॅबमधून घेतलं. आम्ही गावी पोचलो. ओसरीवर माणसं होती, तिला वाट करून दिली गेली. वहिनी तिच्या गळ्यात पडून म्हणत होत्या, "दमाच हुता की गं, नुसता दमा." सुनंदा खाली बसली. तिनं भावाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पांघरुणाबाहेर आलेला हात हातात घेतला. रोज शेकडो रिपोर्ट हाताखालून जाणारी बाई ती. बोटांची फुगलेली टोकं, वळलेली नखं ती एकेक करून पाहत होती; दम्यानं बोटं अशी होत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. पाचही पाहून झाल्यावर तिनं मान वर करून गर्दीत मला शोधलं. मी दुसरीकडे बघायला लागलो. पण तिला जे पाहायचं ते दिसून गेलं होतं, असं मला आता वाटतं.

तेरा दिवस तिनं काही विचारलं नाही. चौदाव्या दिवशी आम्ही भुकूमला परतलो. दुपारची वेळ, ती स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होती. मी दारात उभा राहिलो. माझ्या स्लाइड्समध्ये लिहिलंय की आधी बसावं, समोरच्याच्या डोळ्यांच्या पातळीवर यावं. मी उभ्यानंच सांगून टाकलं. कर्करोग, शपथ, टँकर, बुधवारचे फोन, सगळं. तिचे हात थांबले नाहीत. पानं एका बाजूला, काड्या एका बाजूला. जुडी संपत आल्यावर तिनं विचारलं, "तो नेमकं काय म्हणाला? शब्द सांगा." मी सांगितले. तिच्या मनानं आली तर येऊ द्या. आजाराच्या नावानं न्हाई. ती पुन्हा एकदा म्हणाली, सांगा. मी पुन्हा सांगितले. आणि स्वतःहून वर जोडलं की त्यांना तुझं खरं येणं हवं होतं, दया नको होती.

तिनं काड्या कागदात गुंडाळल्या.

"तुम्हाला तसं वाटलं," ती म्हणाली. "माझा भाऊ होता तो. मी आले नसते, हे त्याला पक्कं माहीत होतं. कळलं असतं तरी नसते आले, रागानं इतकी भरले होते मी. बहिणीला कळलं होतं आणि तरी ती आली नाही, असं माझ्या माथी बसू नये म्हणून त्यानं तुम्हाला गप्प बसवलं. मला माहीत नव्हतं, एवढ्या एका गोष्टीवर मी पुढची सगळी वर्षं काढली असती. आता रोज स्वतःला विचारावं लागेल, कळलं असतं तर मी आले असते का, आणि उत्तर मला ठाऊक आहे. तुम्ही सांगून मोकळे झालात."